नौदलाचं बायप्लेन फायटर: जमिनीवरच्या विमानाला जहाजाने कसं बदललं

प्रश्न असा आहे की पहिल्या महायुद्धातली सॉपविथ पप आणि कॅमल ही ब्रिटिश फायटर्स म्हणजे मुळात जमिनीवरची बायप्लेन (एकावर एक दोन पंखांची विमानं), मग तीच उचलून जहाजावर ठेवली की झालं नेव्हल फायटर, त्यात वेगळं डेव्हलपमेंट असं काय होतं? आणि जोडीला दुसरा प्रश्न, की जमिनीवर मोनोप्लेन, म्हणजे एका पंखाची, फायटर्स आली तरी नौदलं १९४० पर्यंत बायप्लेनला का धरून बसली?

दोन्ही प्रश्न चांगले आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. जहाजावरून उडणं फार लवकर जमलं, जहाजावर परत उतरणं जमायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली, आणि नेव्हल फायटर नावाचं जे वेगळं विमान तयार झालं ते ह्या उतरण्याच्या भानगडीतून तयार झालं. माझी नोकरी नौदलाच्या विमानांच्या मेंटेनन्समध्ये गेली, बरीचशी गोव्यात दाबोळीला, त्यामुळे मी हा सगळा इतिहास वाचतो तेव्हा पायलटच्या शौर्याच्या आधी माझं लक्ष अंडरकॅरेजकडे (चाकं आणि त्यांचे पाय), डेकवर विमान पकडणाऱ्या हुककडे आणि वायरींकडे जातं, आणि खरं सांगतो, गोष्ट तिथेच आहे.

आधी हे बघा की नौदलाला फायटर लागलंच कशाला. पहिल्या महायुद्धात नॉर्थ सी वर जर्मन झेपलिन, म्हणजे वायू भरलेली प्रचंड हवाई जहाजं, फिरायची. बॉम्ब टाकण्यापेक्षा ब्रिटिश आरमाराला त्यांचा जास्त त्रास म्हणजे ती वरून बघायची आणि रेडिओवर कळवायची, म्हणजे ब्रिटिश ताफा बंदरातून निघाला की कुठे चाललाय हे जर्मनांना बसल्या जागी कळणार. झेपलिन उंच जायचं, चढायचंही पटकन. जहाजावरच्या तोफा तिथे पोचत नाहीत. मग त्याच्यावर जायला काहीतरी हवं जे ताफ्याबरोबर समुद्रात असेल आणि बऱ्यापैकी चढेल.

पहिला उपाय सगळ्यांना सुचला तो सीप्लेन, म्हणजे चाकांच्या जागी फ्लोट (तरंगणारे पाय) लावलेलं, पाण्यावरून उडणारं विमान. सॉपविथच्या टॅब्लॉइडने फ्लोट लावून १९१४ मध्ये मोनॅकोला श्नायडर ट्रॉफी जिंकली होती, त्यातूनच पुढे सॉपविथ श्नायडर आणि मग सॉपविथ बेबी आली. दिसायला गोंडस विमानं, पण कामाला कच्ची. फ्लोटचं वजन आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) इतका की झेपलिनच्या उंचीला पोचायच्या आधीच दम संपायचा. त्याहून वाईट म्हणजे विमान पाण्यात उतरवायला जहाज थांबवावं लागायचं, आणि पाणबुड्या फिरतायत अशा समुद्रात थांबलेलं जहाज म्हणजे निमंत्रणच. आणि नॉर्थ सी मध्ये शांत पाणी मिळणार किती दिवस? लाट जरा उठली की फ्लोट तुटायचे नाहीतर विमान पाण्यातून सुटायचंच नाही.

म्हणून चाकांचं विमान थेट जहाजावरून उडवायचं ठरलं. हे नवीन नव्हतं. अमेरिकेत युजीन इलायने १४ नोव्हेंबर १९१० ला क्रूझर बर्मिंगहॅमवर बांधलेल्या फळ्यांवरून कर्टिस विमान उडवलं होतं, इंग्लंडात चार्ल्स सॅमसनने जानेवारी १९१२ मध्ये आफ्रिका ह्या युद्धनौकेवरून आणि त्याच वर्षी मे मध्ये हायबर्नियावरून, तेही जहाज चालत असताना. नोव्हेंबर १९१५ मध्ये व्हिंडेक्स ह्या छोट्या सीप्लेन कॅरियरच्या पुढच्या डेकवरून ब्रिस्टल स्काउट उडवलं. ऑगस्ट १९१६ मध्ये त्याच व्हिंडेक्सवरून उडालेल्या स्काउटने एल १७ ह्या झेपलिनवर हल्लासुद्धा केला, वरून टाकायचे स्फोटक डार्ट घेऊन, कारण प्रॉपेलरमधून नीट गोळी मारता येईल अशी गन त्यावर नव्हती. झेपलिन वाचलं, पायलटला समुद्रात उतरावं लागलं. पण दिशा बरोबर आहे हे सगळ्यांना कळलं.

मग आला पप. माझं वैयक्तिक मत असं की पप हे पहिलं खरं नेव्हल फायटर, जरी ते तसं म्हणून रेखाटलं नव्हतं. इंजिन फक्त ८० हॉर्सपॉवरचं ल रोन, पुढे एक सिंक्रोनाइज्ड (फिरत्या प्रॉपेलरच्या पात्यांमधून गोळी सोडणारी) व्हिकर्स गन, वजन भरून साधारण ५५५ किलो, आणि पंखांचं क्षेत्रफळ साडेतेवीस चौरस मीटरच्या आसपास. भागाकार करून बघा, पंखाच्या दर चौरस मीटरवर फक्त चोवीस किलोच्या आत वजन येतं. सगळी जादू ह्या आकड्यात आहे. इतकं हलकं लोडिंग असलं की विमान अगदी कमी वेगाला हवेत तरंगतं, आणि जहाज स्वतः वीस-पंचवीस नॉटने वाऱ्यात जात असेल तर उडायला लागणारा वेग अर्ध्याहून जास्त जहाजच देतं.

फ्रेडरिक रटलंडने (जटलंडच्या लढाईत एंगेडाइनवरून सीप्लेन उडवणारा तोच) जून १९१७ मध्ये यार्मथ ह्या लाइट क्रूझरवर पुढच्या तोफेवर जेमतेम वीस फुटांचा प्लॅटफॉर्म बांधून त्यावरून पप उडवून दाखवला. वीस फूट म्हणजे एका मोठ्या खोलीची लांबी. २१ ऑगस्ट १९१७ ला त्याच यार्मथवरून सब-लेफ्टनंट स्मार्टने उडून डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ एल २३ हे झेपलिन पेटवून पाडलं, आणि मग समुद्रात उतरला, त्याला बाहेर काढलं. विमान गेलं.

इथे एक अडचण होती जी लोक विसरतात. प्लॅटफॉर्म जहाजाच्या नाकासमोर असेल तर विमान उडवायला जहाजाला वाऱ्यात वळावं लागतं, म्हणजे ताफ्याची रांग सोडायची. लढाईच्या मधोमध हे कुठला कॅप्टन करेल? त्यावर तोडगा असा निघाला की प्लॅटफॉर्म तोफेच्या टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, बांधायचा. जहाज आपल्या वाटेने चालू राहील, टरेट तेवढं वाऱ्याकडे वळवायचं. १ ऑक्टोबर १९१७ ला रटलंडने रिपल्स ह्या बॅटलक्रूझरच्या टरेटवरून हे केलं. त्यानंतर ब्रिटिश ताफ्यात मोठमोठ्या जहाजांच्या टरेटवर फायटर दिसायला लागली. ही मला फार हुशारीची गोष्ट वाटते, कारण यासाठी नवीन जहाज लागलं नाही, नवीन विमान लागलं नाही, फक्त कोणीतरी वाऱ्याचा नीट विचार केला.

पण ह्या सगळ्यात विमान परत येत नाही. एक उड्डाण, एक विमान. पायलट जमीन जवळ असेल तर तिकडे जाणार नाहीतर विनाशिकेच्या बाजूला पाण्यात उतरणार, धडात हवेच्या पिशव्या भरलेल्या असायच्या म्हणजे ते लगेच बुडू नये. उघड्या नॉर्थ सी मध्ये हे म्हणजे दरवेळी जीव टांगणीला. पायलटला हे माहीत असलं की तो विनाकारण उडणार नाही, आणि कॅप्टनलाही एकच विमान असल्यामुळे ते नेमकं कधी सोडायचं ह्याचा निर्णय होत नाही, बऱ्याचदा वेळ निघून जाते.

म्हणून स्क्वाड्रन कमांडर एडविन डनिंगने जे केलं ते इतकं महत्त्वाचं आहे. फ्युरियस हे जहाज तेव्हा अर्धं बॅटलक्रूझर होतं, पुढची तोफ काढून तिथे २२८ फुटांचा डेक केला होता, फक्त उडण्यासाठी. मागे ब्रिज (जहाज जिथून चालवतात ती उंच केबिन) आणि चिमणी तशीच मधोमध उभी. डनिंगने डोकं लावलं की फ्युरियस पूर्ण वेगाने वाऱ्यात गेलं तर डेकवरून पंचेचाळीस नॉटच्या वर वारा जातो, आणि पप साधारण तेवढ्याच वेगाला उतरतो, म्हणजे डेकच्या मानाने विमान जवळपास उभंच राहणार. २ ऑगस्ट १९१७ ला स्कापा फ्लो ह्या स्कॉटलंडच्या नौदल तळावर तो जहाजाच्या बाजूने पुढे आला, ब्रिज ओलांडून आडवा सरकत डेकच्या वर आला, इंजिन बंद केलं आणि डेकवरच्या ऑफिसरांनी धावत जाऊन विमानाला लावलेले पट्टे हातांनी धरून त्याला खाली ओढलं. चालत्या जहाजावर विमान उतरवण्याची जगातली पहिली वेळ. पाच दिवसांनी, ७ ऑगस्टला, त्याने पुन्हा केलं. एका खेपेला विमानाला इजा झाली म्हणून दुसरा पप घेतला, त्या खेपेला जागा चुकली, त्याने पुन्हा वर जायला इंजिन दिलं, इंजिन घुसमटलं आणि विमान उजव्या बाजूने पाण्यात गेलं. लोक पोचेपर्यंत तो गेला होता. पंचवीस वर्षांचा होता.

मी ह्या अपघाताकडे मेंटेनन्सवाल्याच्या नजरेने बघतो आणि मला त्यात तीन गोष्टी दिसतात ज्या पुढची वीस वर्षं नेव्हल फायटरचा आकार ठरवत गेल्या. पहिली, रोटरी इंजिनला (ह्यात सिलिंडरच प्रॉपेलरबरोबर फिरतात) आजच्यासारखा थ्रॉटल नव्हता, पायलट इग्निशनचं बटण दाबून इंजिन बंद-चालू बंद-चालू करत पॉवर कमी करायचा, आणि नेमकं जेव्हा झटकन पूर्ण पॉवर पाहिजे तेव्हा ते देईलच याची खात्री नाही. दुसरी, विमानाला पकडून ठेवणारं डेकवर काहीच नव्हतं, माणसांचे हात सोडून. ब्रेक नाही, हुक नाही. तिसरी, इतकं हलकं विमान कमी वेगाला उतरतं हा फायदा पण तेच विमान थांबल्यावरही वारा उचलून फेकून देतो, म्हणजे जो गुण उतरायला कामाचा तोच उतरल्यानंतर वैरी.

त्यानंतर फ्युरियसला मागेही डेक बांधला, मार्च १९१८ पर्यंत, पण मधली चिमणी आणि ब्रिज तशीच ठेवली. त्यांच्यामागे हवेचे असे भोवरे आणि गरम धूर की उतरणारी बहुतेक विमानं आपटली, आणि उतरण्याचा प्रयत्नच सोडून दिला. दोन डेक असलेलं जहाज आणि फायटर तरीही पाण्यात उतरतायत, अशी अवस्था.

आता कॅमलकडे येऊ, कारण मूळ प्रश्न त्याचा होता. जमिनीवरचं कॅमल म्हणजे एफ.१ आणि जहाजावरचं म्हणजे २एफ.१, शिप्स कॅमल. फोटोत दोन्ही सारखीच वाटतात, पण जवळून बघा. २एफ.१ चे पंख आखूड, टोकापासून टोकापर्यंत साधारण फूटभर कमी. मधले स्ट्रट (वरच्या पंखाला आधार देणारे दांडे) लाकडाच्या ऐवजी स्टीलच्या नळीचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉकपिटच्या मागे धड दोन भागांत सुटतं, बोल्ट काढले की शेपूट वेगळी. आता विचार करा, एलिव्हेटर आणि रडरच्या कंट्रोल वायरी त्याच धडातून मागे जातात, मग जोडावर त्या तोडायच्या कशा? म्हणून जोडाजवळ बाहेरच्या बाजूला लिव्हर दिले, वायर तिथे सोडायची आणि परत जोडायची. ज्याने कधी कंट्रोल केबलचं टेन्शन सेट केलंय त्याला कळेल की हे किती त्रासाचं काम आहे, दरवेळी जोडल्यावर टर्नबकल (वायरीचा ताण कमीजास्त करायचा आट्यांचा जोड) फिरवून ताण बरोबर करायचा, स्टिकची हालचाल शेवटपर्यंत तपासायची, टर्नबकलला लॉकिंग वायर मारायची, आणि हे सगळं हलत्या जहाजावर थंडीत बोटं बधिर झालेली असताना. हे सगळं कशासाठी, तर क्रूझरच्या अरुंद डेकवर विमान ठेवायला जागा मिळावी म्हणून. जमिनीवर ह्याची कोणाला गरज नाही.

गनसुद्धा बदलल्या. जमिनीवरच्या कॅमलला पुढे दोन व्हिकर्स, तर शिप्स कॅमलला एक व्हिकर्स आणि एक लुईस वरच्या पंखावर. लुईस वरच्या पंखावर असली की प्रॉपेलरची भानगड नाही, आग लावणाऱ्या गोळ्या बिनधास्त मारता येतात आणि खालून वर मारता येतं, म्हणजे झेपलिनपर्यंत पूर्ण चढता आलं नाही तरी काम होतं. इंजिन बऱ्याच शिप्स कॅमलला बेंटली बीआर१, दीडशे हॉर्सपॉवर. हे तेच बेंटली ज्यांच्या नावाने पुढे मोटारी आल्या, तेव्हा ते नेव्हल एअर सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते, त्यांनी रोटरी इंजिनाला ॲल्युमिनियमचे सिलिंडर आणि आत लोखंडी लायनर दिले म्हणजे उष्णता नीट बाहेर जाईल. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच, नाव तेच पण विमान बदललेलं होतं.

शिवाय बियर्डमोर कंपनीने पपवरूनच डब्ल्यू.बी.३ नावाचं विमान केलं, त्यात पंख मागे दुमडायचे आणि एका प्रकारात चाकंही दुमडून पोटाशी यायची. ती मागे घ्यायची उड्डाणात ड्रॅग कमी करायला नाही हं, जहाजात उंची कमी लागावी म्हणून. शंभर बनवली. पंख दुमडता यावेत म्हणून पपचं स्टॅगर, म्हणजे वरचा पंख खालच्याच्या जरा पुढे असणं, काढून टाकलं, आणि उडायला ते पपइतकं चांगलं राहिलं नाही. फोल्डिंग विंगची ही किंमत तेव्हाही होती, आजही आहे, बिजागरी आली की वजन आलं.

ह्याच कॅमलनी १९ जुलै १९१८ ला टॉन्डर्नच्या झेपलिन तळावर हल्ला केला. फ्युरियसवरून सात उडाली, एल ५४ आणि एल ६० शेडमध्येच जळाली. पण परतीचा हिशोब बघा, एक आधीच इंजिन बिघडून मागे फिरलं, तिघे डेन्मार्कमध्ये उतरले, दोघे परत येऊन जहाजांजवळ पाण्यात उतरले (त्यात एक हा यार्मथवाला स्मार्टच), एक पायलट गेला. कॅरियरवरून जमिनीवर केलेला पहिला यशस्वी हल्ला आणि एकही विमान डेकवर परत आलं नाही.

त्यानंतर ११ ऑगस्टला स्टुअर्ट कलीने जे केलं ते वाचून अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. फ्लाइंग बोट ओढून नेण्यासाठी बनवलेल्या लायटरवर, म्हणजे सपाट बार्जवर, लाकडी डेक ठोकला, त्यावर कॅमल ठेवलं, आणि रिडाउट ह्या विनाशिकेने ते तीस नॉटच्या वर वेगाने ओढलं. आधी सॅमसनने स्वतः हा प्रयोग केला होता तेव्हा विमान पुढून पाण्यात पडलं आणि लायटर त्याच्या अंगावरून गेलं, तो वाचला हे नशीब. कलीचं विमान काही फुटांतच उचललं गेलं, तो जवळजवळ तासभर चढत राहिला, अठरा हजार फुटांच्या वर, कॅमलच्या कंट्रोलमध्ये जीव राहिलेला नाही अशा उंचीवर, आणि खालून एल ५३ ह्या झेपलिनवर दोन लुईस रिकाम्या केल्या (ह्या विमानाच्या वरच्या पंखावर दोन्ही लुईसच होत्या). एक सात गोळ्यांनंतर अडकली, दुसरीने काम केलं. परत येऊन पाण्यात उतरला आणि ह्या वेळी विमानही क्रेनने उचलून घेतलं. ते विमान, एन६८१२, आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये छताला टांगलंय. कोणी नातेवाईकांकडे लंडनला गेलात तर जरूर बघा, आणि वरच्या पंखावरच्या गन नीट बघा.

युद्ध संपता संपता आर्गस हे ब्रिटिश विमानवाहू जहाज आलं, सप्टेंबर १९१८, वरून पूर्ण सपाट डेक, चिमणी नाही, ब्रिज खाली जाणारा. आता उतरायला जागा होती, मग प्रश्न थांबवण्याचा. ब्रिटिशांनी डेकवर लांबीच्या दिशेने वायरी ताणल्या, पुढून मागे, आणि विमानाच्या एक्सलला खाली वळणाऱ्या आकड्या लावल्या ज्या त्या वायरींत अडकतील. त्यांचा विचार असा की वारा इतका आहे, विमान आपोआप थांबेल, भीती फक्त बाजूला उडून जाण्याची आहे. डनिंगच्या बाबतीत तेच झालं होतं ना. तर विचार चुकीचा नव्हता पण त्या वायरींत चाकं आणि एक्सल अडकून विमानं नाकावर जायची, अंडरकॅरेज मोडायची, पंखांची टोकं जायची. १९२० च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटिशांनी ह्या वायरी काढूनच टाकल्या आणि नंतर काही वर्षं वायरींशिवायच उतरत राहिले. आडव्या वायरी आणि शेपटीचा हुक त्यांच्याकडे १९३० च्या दशकातच आला.

आणि हे मला खरंच लागतं, कारण आडव्या वायरीचं उत्तर १८ जानेवारी १९११ लाच दिलं गेलं होतं. तोच युजीन इलाय सॅन फ्रान्सिस्को खाडीत पेन्सिल्व्हेनिया ह्या नांगरलेल्या क्रूझरवर उतरला तेव्हा डेकवर बावीस दोर आडवे टाकले होते, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या, विमानाखाली आकड्या. एकेक दोर पकडत वजन वाढत गेलं आणि विमान थांबलं. आम्ही आपल्या विक्रांतवरच्या सी हॉक ह्या जेट फायटरचा हुक तपासायचो, त्याचा खालचा तुकडा किती झिजलाय, कुठे बारीक तडा आहे का, डॅम्पर नीट दाबतो की हुक डेकवर आपटून वर उसळतोय, तेव्हा मूळ कल्पना हीच होती, फक्त वाळूच्या पिशवीच्या जागी डेकखाली हायड्रॉलिक सिलिंडर. अमेरिकनांनी लँग्ले ह्या त्यांच्या विमानवाहू जहाजावर (१९२२) सुरुवातीला दोन्ही प्रकारच्या वायरी ठेवल्या आणि आडव्या टिकल्या.

आता विमान. १९२० च्या दशकात पहिल्यांदा फायटर डेकसाठी म्हणून रेखाटायला लागले. ब्रिटिशांचं फेअरी फ्लायकॅचर, पहिलं उड्डाण नोव्हेंबर १९२२. दिसायला कुबड्यासारखं, वेग काही खास नाही, पण डेकवरच्या माणसांना हे विमान आवडायचं आणि का ते समजतं. पंखांच्या मागच्या कडेला पूर्ण लांबीचे फ्लॅप होते, खाली केले की लिफ्ट वाढते आणि उतार तीव्र होतो. चाकांना हायड्रॉलिक ब्रेक, वायरी नसलेल्या डेकवर त्यांचीच मदत. मजबूत अंडरकॅरेज. पंख दुमडत नव्हते, पण सगळं विमान साडेतेरा फुटांच्या आत बसतील अशा तुकड्यांत पटकन सुटायचं. फ्युरियसच्या नव्या रूपात वरच्या हँगरचं दार पुढे उघडून खाली छोटा डेक होता, फ्लायकॅचर थेट हँगरमधून धावत बाहेर पडायचं. १९२३ ते १९३४, इतकी वर्षं ते ब्रिटिश नौदलाचं मुख्य फायटर राहिलं. ही फार मोठी मुदत आहे, त्या काळात जमिनीवरची फायटर्स कितीतरी पुढे गेली, त्यामुळे १९३२ मध्ये हॉकर निमरॉड आलं तेव्हा फरक डोळ्यात भरणारा होता.

अमेरिकनांचं वैशिष्ट्य इंजिनात. त्यांनी ठरवलं की जहाजावर पाण्याने थंड होणारं इंजिन नको. रेडिएटर, पाण्याचे पाइप, पंप, क्लॅम्प, ह्यातलं काहीही गळलं की विमान गेलं, आणि समुद्रावर इंजिन बंद म्हणजे उतरायला शेत नाही. शिवाय वजन. मेंटेनन्सवाल्याला विचाराल तर गळती शोधण्यात जातो तेवढा वेळ कशातच जात नाही. नेव्हल एअरक्राफ्ट फॅक्टरीचं टीएस-१ हे १९२२ मध्ये आलं ते २०० हॉर्सपॉवरच्या लॉरन्स रेडियल इंजिनावर (ह्यात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले आणि हवेनेच थंड होणारे). मग १९२५ च्या शेवटी प्रॅट अँड व्हिटनीचं वास्प इंजिन पहिल्यांदा चालवलं, ४२५ हॉर्सपॉवर, हवेने थंड होणारं, आणि चित्र बदललं. कर्टिस एफ६सी हॉकला आधी पाण्याने थंड होणारं डी-१२ होतं, एफ६सी-४ पासून वास्प बसवलं. बोइंगचं एफ२बी, मग एफ४बी, सगळी रेडियल. पुढे दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये अमेरिकन नौदलाची बहुतेक सगळी विमानं रेडियल इंजिनाची दिसतात त्याचं मूळ इथे आहे.

जपानची गोष्ट थोडक्यात. १९२१ मध्ये सेम्पिलच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश प्रशिक्षकांचं मिशन तिकडे गेलं, आणि त्याच सुमारास मित्सुबिशीने सॉपविथमधून आलेल्या हर्बर्ट स्मिथला बोलावलं, ज्याने पप आणि कॅमलच्या डिझाइनवर काम केलं होतं. त्याने टाइप १० कॅरियर फायटर केलं, कॅरियरसाठीच म्हणून रेखाटलेल्या जगातल्या पहिल्या काही फायटर्सपैकी एक. फेब्रुवारी १९२३ मध्ये ते होशो ह्या जपानी विमानवाहू जहाजावर पहिल्यांदा उतरवलं विल्यम जॉर्डन ह्या ब्रिटिश पायलटने. ज्या देशाने अठरा वर्षांनी पर्ल हार्बर केलं त्याचं कॅरियर फायटर सॉपविथच्या ड्रॉइंग बोर्डवरून निघालं होतं.

आता दुसरा प्रश्न, बायप्लेन का टिकलं. लोक म्हणतात नौदलं जुनाट होती. थोडंफार असेल, ब्रिटनमध्ये तर १९१८ पासून विमानं रॉयल एअर फोर्सच्या ताब्यात आणि जहाजं नौदलाच्या, त्यात फ्लीटची विमानं मागे पडली हे खरं. पण मुख्य कारण इंजिनिअरिंगचं. उतरण्याचा वेग हा वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ ह्याच्या वर्गमुळावर जातो. पपचं लोडिंग चौरस मीटरला चोवीसच्या आत, शिप्स कॅमलचं चौतीसच्या आसपास, म्हणजे उतरायचा वेग साधारण वीस टक्के वाढला. वेग वीस टक्के वाढला की थांबवायची ऊर्जा चव्वेचाळीस टक्के वाढते, वर वजनही जास्त. डेक तेवढाच. मग क्षेत्रफळ पाहिजे, पण विमान डेकखाली नेणाऱ्या लिफ्टमध्ये आणि हँगरमध्ये बसायला पंखांची लांबी कमी पाहिजे. कमी लांबीत जास्त क्षेत्रफळ म्हणजे एकावर एक दोन पंख, दुसरा मार्ग तेव्हा नव्हता, कारण चांगले फ्लॅप, ताकदवान अरेस्टर गिअर (हुक पकडून विमान थांबवणारी वायरींची यंत्रणा), बदलत्या पिचचा (पात्यांचा कोन बदलता येणारा) प्रॉपेलर हे सगळं अजून यायचं होतं.

आणि मजबुती. बायप्लेनमध्ये दोन पंख, स्ट्रट आणि वायरी मिळून एक पेटी होते. त्यातल्या फ्लाइंग वायरी उड्डाणात पंख वर ओढले जातात त्याचा भार घेतात, आणि लँडिंग वायरी विमान आपटतं तेव्हा पंख खाली जायला बघतात त्याचा. डेकवर रोजचं आपटणं असल्यामुळे ह्या दुसऱ्या वायरींना जमिनीवरच्यापेक्षा कितीतरी जास्त काम. जोरात लँडिंग झालं की रिगरला (पंख आणि वायरी जुळवणाऱ्या कारागिराला) पुन्हा लेव्हल आणि ओळंबा घेऊन पंखांचा कोन तपासावा लागायचा, एखादी वायर ताणून लांब झाली असेल तर विमान एका बाजूला ओढणार. पण वायर बदलता येते! जहाजावर, त्या रात्रीत. स्पारला (पंखाच्या आतल्या मुख्य कण्याला) तडा गेलेला मोनोप्लेनचा पंख जहाजावर दुरुस्त होत नाही.

मिठाचं वेगळंच. लाकूड फुगतं, सरस सुटतो, कापड दमट हवेत सैल पडतं आणि उन्हात ताणतं, स्टीलची फिटिंग आतून गंजते जिथे डोळा पोचत नाही. सीप्लेनचे ड्युराल्युमिनचे (ॲल्युमिनियमचा मजबूत मिश्रधातू) भाग खाऱ्या पाण्यापासून वाचावेत म्हणून १९२३ च्या सुमारास ब्रिटनमध्ये क्रोमिक ॲसिडचं ॲनोडायझिंग काढलं गेलं, आज तुमच्या मोबाइलच्या बॉडीला आणि स्वयंपाकघरातल्या भांड्याला जी प्रक्रिया होते तिचं हे घराणं. त्यानंतर लाकडाच्या जागी धातूची चौकट जहाजावर खऱ्या अर्थाने परवडायला लागली, आणि धातूची चौकट आली तेव्हाच मोनोप्लेनचा रस्ता मोकळा झाला.

शेवटची पिढी फार देखणी होती. ग्रुमनचं एफएफ-१, १९३१ च्या शेवटी पहिलं उड्डाण, दोन माणसांचं असून नौदलाच्या एकआसनी फायटर्सपेक्षा वेगवान, कारण चाकं हाताने हँडल फिरवून धडात आत जायची आणि कॉकपिट बंद. मग एफ२एफ, एफ३एफ. १९३६ मध्ये ग्रुमन आणखी एक बायप्लेन करणार होतं, एक्सएफ४एफ-१, पण हिशोब मांडल्यावर दिसलं की जास्त ताकदीच्या इंजिनाचं एफ३एफ जवळपास तेवढंच देतंय, म्हणजे बायप्लेनमधून आता आणखी काही निघणार नाही. ते ड्रॉइंग सोडून दिलं आणि त्याच नंबरखाली मोनोप्लेन केलं, तेच वाइल्डकॅट. जपानने टाइप ९६ ह्या मोनोप्लेन फायटरने ही उडी त्याच सुमारास मारली. ब्रिटिशांकडे मात्र १९४० मध्येही सी ग्लॅडिएटर हे बायप्लेन होतं, माल्टावर ह्याच विमानांनी इटालियन हल्ल्यांचे पहिले दिवस अंगावर घेतले. त्यातल्या एकाचं, एन५५२० चं, धड आजही व्हॅलेटाच्या वॉर म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे हे बघायचं असेल तर बायप्लेन फायटर नाही मिळणार, पण गोव्यात बोगमाळोच्या वाटेवर नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे तिथे सी हॉक उभं आहे. सॉपविथ कंपनी १९२० मध्ये बंद झाली आणि त्याच माणसांनी हॉकर काढली, त्याच हॉकरचं हे डिझाइन, आणि नंतर आपल्याच ३०० स्क्वाड्रनला आलेलं सी हॅरियरही त्याच घराण्यातलं, जे २०१६ पर्यंत दाबोळीवरून उडत होतं. सी हॉकच्या मागे जाऊन खाली वाका आणि हुक कुठे लावलाय, त्याचा भार धडात कुठल्या फ्रेमवर जातो ते बघा, पंख कुठे दुमडतो ती बिजागरी बघा, अंडरकॅरेजचे पाय किती जाड आहेत ते बघा. मग शिप्स कॅमलचा एखादा चांगला फोटो मिळवून त्याच तीन जागा त्यात शोधा. अजून काही अडलं तर विचारा, विशेषतः रिगिंगबद्दल, त्यावर बोलायला मला कधीही आवडतं.